राखणदार विचारतो, "आत सोडू का?"



सातबारा काढणे, महाडीबीटीवर अर्ज भरणे, मुलांचा अभ्यास, गोठ्यातला कॅमेरा पाहणे अशा कामांसाठी आता पुष्कळ घरांत संगणक आणि वायफाय आले आहे. काम चालू असताना पडद्यावर मध्येच एक खिडकी उघडते. 'फायरवॉलने या प्रोग्रॅमची काही कामे अडवली आहेत, परवानगी द्यायची का?' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर तिच्यात असतो आणि खाली 'अलाऊ' व 'कॅन्सल' ही दोन बटणे. कोणी घाबरून संगणकच बंद करतो, तर कोणी कटकट नको म्हणून न वाचता 'अलाऊ' दाबून मोकळा होतो. दोन्ही गोष्टी बऱ्या नव्हेत. हा इशारा म्हणजे संकटाची दवंडी नाही. आपल्या राखणदाराने मालकाला विचारलेला तो एक प्रश्न आहे. प्रश्न समजला की उत्तर अवघड नाही.

फायरवॉल म्हणजे काय?

संगणकात बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी क्रमांक घातलेली दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. या दारांवर बसलेला राखणदार म्हणजे फायरवॉल. आपण स्वतः एखादे पान उघडले तर त्याचे उत्तर तो मुकाट्याने आत येऊ देतो, कारण बोलावणे आपलेच होते. पण एखादा प्रोग्रॅम दार उघडून बाहेरच्या हाकेची वाट पाहत बसू लागला, की राखणदार मालकाला विचारतो. विंडोजमधली फायरवॉल विचारते ती बहुधा अशाच वेळी. वेगळ्या विकत घेतलेल्या काही फायरवॉल आतून बाहेर जाणाऱ्यालाही हटकतात, म्हणून त्यांचे प्रश्न जास्त असतात.

कोणी म्हणेल, "वायफायचा राउटर दारात बसलेला आहेच, मग प्रत्येक संगणकाला आणखी राखणदार कशाला?" शंका रास्त आहे. राउटर बाहेरून न बोलावता येणाऱ्याला बहुतेक वेळा अडवतो, पण घरातल्या घरात एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्याला अडवीलच असे नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा किडा जगभर पसरला. तो ४४५ क्रमांकाच्या दारातून एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरत होता. कोणी काही दाबण्याचीही गरज नव्हती. इंग्लंडमधील रुग्णालयांची कामे त्याने ठप्प केली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती, पण ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले. तेव्हा पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

बटण दाबण्यापूर्वी तीन प्रश्न

पहिला : हे नाव ओळखीचे आहे का? इशाऱ्यात प्रोग्रॅमचे नाव, तो बनवणाऱ्याचे नाव आणि संगणकातली त्याची जागा लिहिलेली असते. बनवणाऱ्याचे नाव नसेल किंवा जागेत 'टेम्प' असा शब्द असेल तर सावध व्हावे.

दुसरा : मी आत्ताच असे काही केले का? प्रिंटर जोडला, कॅमेरा पाहण्याचा प्रोग्रॅम टाकला, मुलाने खेळ सुरू केला, आणि लगेच त्याच नावाचा प्रश्न आला, तर तो स्वाभाविक आहे. कोणी काहीच केले नसताना प्रश्न आला, तर उत्तर 'कॅन्सल'.

तिसरा : परवानगी कुठवर द्यायची? काही संगणकांवर 'प्रायव्हेट' आणि 'पब्लिक' अशा दोन चौकटी दिसतात. प्रायव्हेट म्हणजे आपले घर, पब्लिक म्हणजे एस. टी. स्टँड, लॉज, दुकान अशा ठिकाणचे वायफाय. घरच्या प्रिंटरला फक्त प्रायव्हेटची परवानगी पुरते.

शंका असेल तेव्हा नकार द्यावा. नकार मागाहून बदलता येतो. न वाचता दिलेल्या होकाराची मात्र पुढे कोणाला आठवणही राहत नाही आणि ते दार उघडेच राहते.

नकारानंतर काम अडले तर

घाईत 'कॅन्सल' दाबले आणि प्रिंटर किंवा कॅमेरा चालेना, तर फायरवॉलच बंद करू नये. एका बैलाला आत घ्यायचे म्हणून कोणी सगळे कुंपण काढत नाही. पुढील क्रमाने जावे.

१. स्टार्टमध्ये 'फायरवॉल' असे इंग्रजीत टाइप करून ती उघडावी. 'अलाऊ अॅन अॅप' या शब्दांनी सुरू होणारी ओळ निवडावी, मग 'चेंज सेटिंग्ज' दाबावे. यादीत आपल्या प्रोग्रॅमचे नाव शोधून प्रायव्हेटच्या चौकटीत खूण करावी.

२. तरीही जमले नाही तर सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर आपले घरचे वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदले आहे का ते पाहावे. तसे असेल तर संगणक घरातल्या यंत्रांनाही परके समजतो. घरापुरते ते 'प्रायव्हेट' करावे.

३. संगणकात दुसरी एखादी सुरक्षा प्रणाली असेल तर अडवणारी ती असू शकते. तिचीही यादी तपासावी.

४. यादीत फारच गोंधळ झाला असेल तर 'रिस्टोअर डिफॉल्ट्स' ने सर्व मूळपदावर येते. त्यानंतर प्रश्न पुन्हा येतील, त्यांची उत्तरे या वेळी वाचून द्यावीत.

'हल्ला अडवला' असे वारंवार आले तर

इंटरनेटवर दारे चाचपून पाहणारी यंत्रे रात्रंदिवस फिरत असतात. 'अडवला' याचा अर्थ राखणदाराने काम केले. त्याने झोप उडवून घेऊ नये. मात्र इशाऱ्यातला पत्ता पाहावा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर ते यंत्र घरातलेच आहे. बहुधा तो राउटर असतो आणि त्याची नेहमीची विचारपूस फायरवॉलला हल्ला वाटते. राउटरचा पत्ता पुष्कळदा त्याच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, तो ताडून पाहावा. पत्ता घरातल्या दुसऱ्या संगणकाचा असेल आणि इशारे थांबत नसतील, तर तो संगणक वायफायवरून तोडून तपासावा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची त्यासाठीची साधने फुकट मिळतात. हे केंद्र २०१७ साली सुरू झाले.

खोटा राखणदार

आता सर्वांत महत्त्वाचे. एखादे पान पाहताना अचानक पडदा भरून लाल इशारा येतो, भोंगा वाजतो, 'तुमची फायरवॉल तुटली, या नंबरवर ताबडतोब फोन करा' असे लिहून येते. हा इशारा नसून सापळा आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखा प्रोग्रॅम टाकायला लावतो. त्याने आपला पडदा त्याच्या हाती जातो. मग पीककर्जाची रक्कम असो की दुधाचे बिल, खाते रिकामे व्हायला वेळ लागत नाही. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

अशा वेळी फोन करू नये. 'अल्ट' आणि 'एफ ४' ही बटणे एकदम दाबून ते पान बंद करावे. न झाल्यास संगणक बंद होईपर्यंत त्याचे मुख्य बटण दाबून धरावे. पुन्हा सुरू केल्यावर जुनी पाने परत उघडू नयेत. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० वर फोन करावा आणि बँकेला कळवावे. जितके लवकर कळेल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

शेवटी एक आठवण. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. घरचा संगणक कोणता आहे ते मुलांकडून पाहून घ्यावे आणि दुरुस्त्या वेळच्या वेळी घेत जाव्यात. घरातील सर्वांनी एक गोष्ट ठरवून टाकावी : ज्याने प्रोग्रॅम टाकला त्यानेच राखणदाराला उत्तर द्यायचे. टाकणारा घरी नसेल तर बाकीच्यांनी 'कॅन्सल' दाबायचे आणि तो आल्यावर त्याला सांगायचे.