दम लागणे म्हणजे वय होणे नव्हे



पहाटेच्या मिस्सेला नेमाने येणाऱ्या एका भगिनीची आम्हांस राहून राहून आठवण होते. बेळगावकडील थंडीत तिच्या हातांची बोटे प्रथम पांढरीफटक पडत, मग निळसर होत आणि ऊब मिळताच लाल होऊन ठणकत. पुढे बोटांची कातडी इतकी ताठरली की जपमाळेचे मणी सरकविणेही तिला जड जाऊ लागले. गायनवृंदात खड्या आवाजात गाणारी ती एका कडव्यानंतरच थांबू लागली. “वय झालं आता,” असे ती म्हणे. आणि आम्हीही “सहन करा, बाई, प्रभूला अर्पण करा,” असे सांगून मोकळे झालो. ती मोठ्या शहरातील डॉक्टरांकडे पोहोचली तेव्हा तिच्या फुप्फुसांचा बराच भाग निकामी झाला होता. वय म्हणाल तर अवघे 43. त्या उपदेशाचे शल्य आमच्या मनात आहे, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

या रोगास वैद्यकात सिस्टेमिक स्क्लेरोसिस म्हणतात. स्क्लेरोडर्मा, म्हणजे कठीण त्वचा, हे त्याचे रूढ नाव. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच शरीरावर उलटते, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि जखम भरून आल्यावर राहतो तसा चिवट वण आतल्या अवयवांतही साचत जातो. हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो पुष्कळ अधिक आढळतो, आणि बहुधा ऐन संसाराच्या वयात.

थंडीने बोटे पांढरी पडण्याच्या विकाराचे वर्णन मोरिस रेनो या फ्रेंच वैद्याने 1862 साली केले. असा त्रास होणाऱ्या बहुतेकांना स्क्लेरोडर्मा नसतो, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्याबरोबर बोटे सुजणे, कातडी ताठरणे, बोटांच्या टोकांस जखमा होणे किंवा घास गिळताना अडखळणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखविण्यास विलंब करू नये.

नाव त्वचेचे असले तरी जिवावर बेतते ते बहुधा फुप्फुसांमुळे. या रोगाने दगावणाऱ्यांत फुप्फुसांचा विकार हे आज सर्वांत मोठे कारण आहे. फुप्फुसांतील वायुकोशांच्या ज्या तलम पडद्यांतून प्राणवायू रक्तात जातो, ते जाड व ताठर होतात. कातडे सुकून कडक झालेली पखाल जशी फुगत नाही, तशी ती फुप्फुसे पुरेशी फुलत नाहीत. आरंभी रुग्णास काहीच जाणवत नाही. मग चढ चढताना दम लागतो, कोरडा खोकला येतो, आणि घरची माणसे त्यास दमा किंवा क्षय समजतात. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा विकार दिसेलच असे नाही. म्हणून स्क्लेरोडर्माचे निदान होताच, दम लागत नसला तरीही, छातीचा सी. टी. स्कॅन आणि नळीत जोराने श्वास सोडून करावयाची चाचणी करून घ्यावी. पहिली काही वर्षे अधिक धोक्याची असतात. त्या काळात ही श्वासाची चाचणी डॉक्टर सांगतील तशी पुनःपुन्हा करावी.

एकदा पडलेला वण सहसा पुसला जात नाही. रोगाची पुढची वाटचाल रोखणे हाच उपचाराचा हेतू. सायक्लोफॉस्फामाइडचा काहीसा उपयोग होतो, असे अमेरिकेतील अभ्यासाने 2006 साली दाखविले. मायकोफेनोलेट तितकेच गुणकारी असून अधिक सोसवते, असे 2016 साली दिसून आले. निन्टेडॅनिबने फुप्फुसांचा ऱ्हास मंदावतो, हे 2019 साली सिद्ध झाले. मात्र ही औषधे गर्भास अपायकारक आहेत. म्हणून तरुण भगिनींनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. दम्याच्या समजुतीने स्टिरॉइडच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. मोठ्या मात्रेने या रोगात मूत्रपिंडांवर एकाएकी घाला पडू शकतो. घरात चुलीचा धूर व तंबाखू यांपासून रुग्णास दूर ठेवावे. खाणीत दगड फोडणाऱ्यांनी धुळीपासून विशेष जपावे, कारण त्या धुळीचा या रोगाशी संबंध आढळला आहे.

दुःख प्रभूच्या क्रुसाशी जोडणे ही आपली श्रद्धा आहे. परंतु उपचार टाळणे म्हणजे सहनशीलता नव्हे. जुन्या करारातील सिराखचा ग्रंथ वैद्याचा मान राखावयास सांगतो, आणि प्रार्थनाही करावयास सांगतो. तेव्हा येत्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कोणी भगिनी धापा टाकीत थांबली, तर तिला पुढे जाऊन विचारा. तिचे हात हाती घेऊन पाहा. ते गार आणि ताठर लागले, तर आम्ही केला तसा उपदेश करू नका. तिच्याबरोबर इस्पितळात जा.