भंगारात जाणारी लेकपाटी



शाळेतल्या जुन्या संगणकांचं निर्लेखन निघालं की आपण काय करतो? डेडस्टॉक रजिस्टर काढतो, नोंदी जुळवतो, सह्या करतो आणि सामान किलोच्या भावाने जातं. मीही दोनदा तेच केलं. आता मात्र माझं ठाम मत झालंय की काट्यावर चढण्याआधी प्रत्येक डबा एकदा मुलांसमोर उघडला गेला पाहिजे.

हे मत एका हिरव्या पाटीमुळे झालं. १९९२ साली क्रिएटिव्ह कंपनीने वेव्ह ब्लास्टर नावाचा छोटा बोर्ड काढला. तो साउंड ब्लास्टर १६ कार्डाच्या पाठीवर २६ पिनांवर बसायचा. अशा बोर्डाला डॉटरबोर्ड म्हणतात. मी वर्गात ‘लेकपाटी’ म्हणतो. वाद्यांचे टिपलेले आवाज तिच्या चिपमध्ये साठवलेले असतात. पुढे यामाहा, रोलँड यांनीही त्याच जोडणीच्या पाट्या काढल्या. नंतर आवाजाची चिप मदरबोर्डवरच येऊ लागली आणि या लेकी माहेरीही नाहीत, सासरीही नाहीत अशा झाल्या. आपल्या शाळांना मिळालेल्या संगणकांत त्या सहसा सापडत नाहीत, हे आधीच सांगतो. माझी आली नागपूरच्या मावसभावाकडून, त्याच्या माळ्यावरच्या खोक्यातून.

गंमत अशी की हिला संगणक लागतच नाही. लागते फक्त वीज (पाच, बारा आणि उणे बारा व्होल्ट) आणि काय वाजवायचं याचा निरोप. तिन्ही व्होल्टेज जुन्या संगणकाच्या एसएमपीएसमधून मिळाले. निरोपासाठी वडशाच्या एका वादकाचा ॲम्प्लिफायर गेलेला, पण पट्ट्या शाबूत असलेला कीबोर्ड घेतला. मध्ये ६एन१३८ हा ऑप्टोकपलर टाकला, म्हणजे निरोप उजेडाच्या रूपात पलीकडे जातो आणि दोन्हीकडच्या विजेचा थेट संबंध येत नाही. सगळं जोडलं, तरी आवाज नाही! तीन संध्याकाळी वाया गेल्या. शेवटी कळलं, रिसेटची पिन पाच व्होल्टला जोडायचीच राहिली होती. (एसएमपीएसचा डबा मुलांपुढे उघडू नका. २३० व्होल्ट म्हणजे खेळ नाही.)

परिपाठाच्या स्पीकरला जोडून पट्टी दाबली, तेव्हा चौथीच्या एका पोट्ट्याने विचारलं, “सर जी, पेटी कोठी हाये?”

मिडी शिकवायला मला पुस्तक लागलं नाही. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात मंचासमोर बसून प्रॉम्प्टर वाक्य सांगतो आणि नट ते रंगवून बोलतो. तारेतून जातो तो प्रॉम्प्टर. तारेत सूर नसतोच, नुसते आकडे असतात : १४४, ६०, १००. म्हणजे पहिल्या वाहिनीवर, मधला सा, एवढ्या जोराने. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने हे तीन आकडे साधारण एका मिलिसेकंदात पोचतात. नट म्हणजे आपली लेकपाटी. ज्या मुलांनी दिवाळीपासून मंडपात रात्र-रात्र नाटकं पाहिली, त्यांना हे एका वाक्यात कळलं.

काही सहकारी म्हणतात, गुरुजी, एवढा खटाटोप कशाला, मोबाईलवर ॲप आहे ना! खरं आहे. ॲपचा आवाज बहुधा जास्त चांगलाच असतो. पण मोबाईल तास संपला की सरांच्या खिशात जातो. पाटी शाळेत राहते, तिला रेंज लागत नाही, ती जाहिराती दाखवत नाही. आणि मोबाईल उघडून कोणता निरोप कुठून आला हे पोरांना दाखवता येतं का? लाईट गेली की मात्र आमची पाटीही गप्प, ते कबूल.

खरा प्रश्न मला मुलांनीच घातला. जनरल मिडी ही वाद्यांची यादी १९९१ मध्ये ठरली. तिच्यात १२८ आवाज. २१ नंबरला रीड ऑर्गन, म्हणजे आपल्या संगीत नाटकातल्या पायपेटीचं भावंडं. ११२ नंबरला चक्क सनई! पोरं खूश. मग एकीने विचारलं, “रेलाचा ढोल कोणत्या नंबरवर?” तालवाद्यं दहाव्या वाहिनीवर असतात, तिथे बोंगो आहे, कोंगा आहे, पण तबला नाही आणि ढोलही नाही. यादी करणाऱ्यांच्या कानात आपला ढोल नव्हता, एवढंच मी सांगू शकलो. सध्या आम्ही सनई पाटीवर वाजवतो आणि ढोल खराखुरा, तिच्या आजोबांचा.

तुमच्या शाळेत, बीआरसीत किंवा कोणाच्या माळ्यावर १३-१३ पिनांच्या दोन रांगा असलेलं जुनं साउंड कार्ड दिसलं, तर वजन करण्याआधी मला एक फोन करा. नेण्याचा खर्च माझा.