विश्लेषण : साथीत औषध घेणाऱ्याची नोंद झाली, देणाऱ्याची का नाही?

२४ मार्च २०२०. रात्री आठ वाजता सुरू झालेलं पंतप्रधानांचं भाषण संपलं आणि काही मिनिटांत गल्लोगल्लीच्या मेडिकलसमोर रांगा लागल्या. कुणाला बीपीच्या तीन महिन्यांच्या गोळ्या हव्या होत्या, कुणाला इन्सुलिन, कुणाला नुसती डेटॉलची बाटली. दुसऱ्या दिवशी बाजारातली बहुतेक शटर खाली आली. अनेक फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने आणि छोट्या नर्सिंग होमच्या ओपीडीही बंद झाल्या. मेडिकल उघडं राहिलं. दारात खडूची वर्तुळं, काउंटरला बांधलेली सुतळी आणि वर लटकवलेला प्लास्टिकचा पडदा, एवढंच काय ते संरक्षण.

त्या पडद्यामागे उभ्या असलेल्या माणसाला सरकारने आरोग्यसेवक मानलं का? सहा वर्षं होत आली तरी या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालेलं नाही. पुढची साथ येण्याआधी ते मिळायला हवं, असं मला वाटतं.

आत्ताच हा विषय का?

डिसेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल आठवत असेल. नवी मुंबईतल्या एका डॉक्टरांना महापालिकेची नोटीस आली होती : दवाखाना सुरू ठेवा, नाहीतर कारवाई होईल. त्यांनी तो सुरू ठेवला आणि जून २०२०मध्ये कोरोनाने त्यांचा मृत्यू झाला. पंतप्रधान गरीब कल्याण पॅकेजमधल्या ५० लाख रुपयांच्या विम्यासाठी पत्नीने अर्ज केला. तो नाकारला गेला. कारण काय, तर या डॉक्टरांची सेवा सरकारने कोविडसाठी रीतसर 'अधिग्रहित' केलेली नव्हती. मार्च २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हेच म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्या काळातले नियम आणि आदेश एकत्र वाचून डॉक्टरांच्या सेवा मागवल्या गेल्याच होत्या, असा निष्कर्ष काढला. कोविडचं काम करताना मृत्यू झाला, हे आता प्रत्येक दाव्यात पुराव्याने दाखवावं लागेल.

ही योजना मुळात सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी होती. खासगी मंडळींना त्यात 'अधिग्रहणा'च्या दारातूनच प्रवेश होता. डॉक्टरांना ते दार उघडायला साडेपाच वर्षं आणि दोन न्यायालयं लागली. गल्लीतला केमिस्ट त्या दारापर्यंतही पोहोचत नाही. कारण त्याला सरकारने काम करण्याचा 'आदेश' दिला नव्हता, टाळेबंदीतून 'सूट' दिली होती. कागदावर हा फरक मोठा आहे. त्या दिवसांत मेडिकल बंद ठेवून दाखवलं असतं, तर मोहल्ल्याने काय केलं असतं याचा विचार केला, तर तो फरक फार उरत नाही.

सरकारने केमिस्टकडून काय काय करून घेतलं?

बरंच. १३ मार्च २०२०ला मास्क आणि सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तू ठरले. २१ मार्चला दर बांधले गेले : तीन पदरी मास्क १० रुपये, दोन पदरी ८ रुपये, २०० मिलीलिटर सॅनिटायझर १०० रुपये. दर बांधणं योग्यच होतं. पण घाऊक बाजारातच माल त्याहून महाग मिळतो, अशी दुकानदारांची तक्रार होती आणि ग्राहकाशी भांडण काउंटरवरच्या माणसाचं होत होतं.

२६ मार्चला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या विक्रीवर कडक निर्बंध आले. त्यामुळे प्रिस्क्रिप्शन तपासणं आणि नोंद ठेवणं आलं. त्याच दिवशी घरपोच औषधं देण्याची परवानगी देणारी अधिसूचना निघाली. ती घरी अडकलेल्या ज्येष्ठांच्या फार उपयोगाची होती. (तात्पुरत्या सोयीचा फायदा ऑनलाइन कंपन्या साथ सरल्यावरही घेत आहेत, ही केमिस्ट संघटनांची तक्रार आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

एप्रिल २०२०मध्ये तेलंगणा आणि आंध्र प्रदेशने ताप, सर्दी-खोकल्याच्या गोळ्या घेणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर टिपून ठेवायला केमिस्टना सांगितलं. जानेवारी २०२२मध्ये ओमायक्रॉनची लाट आली, तेव्हा मुंबईत घरी करायच्या टेस्ट किटच्या विक्रीची माहिती दुकानांकडून मागवली गेली. या मागण्या चुकीच्या नव्हत्या. लक्षणं असलेला माणूस डॉक्टरच्या आधी मेडिकलमध्ये जातो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. रोगाचा माग काढायला त्याहून चांगली जागा नाही.

पण मग हेच तर सांगायचं आहे. लक्षणं असलेला माणूस सगळ्यात आधी तिथे जातो, हे सरकारला माहिती गोळा करताना पटलं होतं. विमा आणि लस देताना ते आठवलं नाही. १६ जानेवारी २०२१ला आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण सुरू झालं. रुग्णालयातले फार्मासिस्ट त्यात आले. रस्त्यावरच्या मेडिकलमधल्या मंडळींना सरसकट तो मान मिळाला नाही. संघटना मागणी करत राहिल्या, काही ठिकाणी नंतर सोय झाली. बाकीच्यांचं लसीकरण वयानुसार. म्हणजे काउंटरवरच्या २३ वर्षांच्या मुलाचा नंबर लागला १ मे २०२१नंतर, दुसरी लाट भरात असताना.

रेमडेसिव्हिर आणि आमची 'शीट'

इथे थोडं स्वतःबद्दल सांगायला हवं. एप्रिल २०२१मध्ये मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. वर्ग ऑनलाइन, हातात वेळ. आम्ही सात-आठ जणांनी मिळून एक गुगल शीट बनवली : रेमडेसिव्हिर, ऑक्सिजन, बेड. प्रत्येक ओळीपुढे दुकानाचं नाव, नंबर आणि 'व्हेरिफाइड, दुपारी ४.१०' असा शिक्का. आम्हाला वाटत होतं, आपण फार मोठं काम करतोय.

एका संध्याकाळी आमच्या यादीतल्या एका केमिस्टने फोन उचलला आणि अक्षरशः हात जोडल्यासारख्या आवाजात सांगितलं, की ते नाव काढा. त्याच्याकडे त्या इंजेक्शनचा एकही डोस कधी आला नव्हता. सकाळपासून लोक दारात येत होते, रडत होते, काही जण अंगावर धावून जात होते. कुणीतरी अंदाजाने नाव टाकलं होतं आणि आमच्यातल्या कुणीतरी त्यावर 'व्हेरिफाइड' लिहिलं होतं. आम्ही ओळ काढली. तोवर तिचे स्क्रीनशॉट किती ग्रुपवर गेले होते, देव जाणे.

मुळात रेमडेसिव्हिर हे रुग्णालयात दाखल रुग्णाला देण्याचं इंजेक्शन. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२०मध्येच त्याच्या वापराविरुद्ध सल्ला दिला होता. तरी चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात देऊन त्याला बाहेर पाठवलं जात होतं. ११ एप्रिलला निर्यातबंदी आली. राज्यात वाटप जिल्हा प्रशासनाच्या हातात घेऊन साठा थेट रुग्णालयांना द्यायला सुरुवात झाली. निर्णय बरोबर होता, पण तो लोकांपर्यंत नीट पोहोचला नाही. मेडिकलमध्ये इंजेक्शन मिळणारच नाही, हे नातेवाइकांना समजावण्याचं काम कुणाच्या गळ्यात पडलं, हे सांगायला नको.

तैवानने काय वेगळं केलं?

आमच्या शीटची चूक मला नंतर तैवानबद्दल वाचताना कळली. तिथे ६ फेब्रुवारी २०२०पासून मास्कचं रेशनिंग सुरू झालं. आरोग्य विम्याचं कार्ड घेऊन औषध दुकानात जायचं, पाच तैवानी डॉलरला एक याप्रमाणे आठवड्याला दोन मास्क घ्यायचे. सहा हजारांवर दुकानं या कामाला जोडली गेली. कार्ड विमा यंत्रणेत नोंदलं जात असल्याने कोणत्या दुकानात किती मास्क उरले, हे सरकारला कळत होतं. ती आकडेवारी सरकारने खुली केली आणि हौशी प्रोग्रामरनी तिच्यावर मास्कचे नकाशे बनवले.

इथवर ही गोष्ट टेक-परिषदांमध्ये सांगतात तशीच आहे. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. मास्क गठ्ठ्याने यायचे आणि ते दोन-दोनच्या पाकिटात भरायचं काम फार्मासिस्टच्या माथी आलं. गर्दी टाळायला अनेकांनी सकाळीच टोकन वाटून टाकायला सुरुवात केली. टोकन संपले तरी कार्ड नोंदलं न गेल्याने नकाशावर मास्क 'शिल्लक' दिसत. लोक यायचे आणि चिडायचे. शेवटी काही दुकानांनी 'अ‍ॅपवर विश्वास ठेवू नका' अशा पाट्या लावल्या. तेव्हाच्या डिजिटल मंत्री ऑड्री टँग यांनी ही तक्रार झटकली नाही. यंत्रणा बदलली गेली आणि टोकन संपले की दुकानाला नकाशावरून बाजूला होण्याची सोय मिळाली.

एक बटण. आमच्या शीटमध्ये तेच नव्हतं. माहिती आम्ही भरत होतो, शिव्या दुकानदार खात होता, आणि 'माझ्याकडे नाही' हे सांगायला त्याच्याकडे फोनशिवाय काही नव्हतं.

पैशांचं आणि विम्याचं काय?

इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथल्या सरकारने २०२०च्या वसंतात औषध दुकानांना ३७ कोटी पौंडांची उचल दिली, कारण एकाच महिन्यात मागणी अचानक वाढली होती आणि दुकानांकडे माल भरायला रोकड नव्हती. ते बक्षीस नव्हतं, पुढे ती वळती करून घेतली गेली, साथीचा खर्च वेगळा देऊन. आरोग्य कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला ६० हजार पौंड देण्याची योजना एप्रिलअखेर जाहीर झाली, तेव्हा तिथेही दुकानातले फार्मासिस्ट त्यात धरायचे की नाही यावर गोंधळ झाला. ओरड झाली आणि काही दिवसांतच त्यांचा समावेश स्पष्ट करण्यात आला. न्यायालयात जावं लागलं नाही. अमेरिकेने तर फेब्रुवारी २०२१पासून लसच औषध दुकानांतून द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे छोट्या मेडिकलचं भांडवल म्हणजे स्टॉकिस्टची उधारी. उत्पन्न म्हणजे मार्जिन : दर नियंत्रणाखालच्या औषधांवर १६ टक्के. गोळी कधी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची नाही, ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही तर कुठे जायचं, हा सल्ला ग्राहकाला फुकट मिळतो आणि फुकटच अपेक्षित असतो.

पण त्यांनी कमावलं नाही का?

काहींनी नक्की कमावलं. दहाचा मास्क पन्नासला विकणारे होते. रेमडेसिव्हिरच्या काळ्या बाजारात मेडिकलशी संबंधित लोकही पकडले गेले. त्यांना शिक्षा व्हावी. पण दुसरी बाजूही आहे : ओपीडी आणि शस्त्रक्रिया थांबल्याने एप्रिल २०२०मध्ये देशातली एकूण औषधविक्री आदल्या वर्षीपेक्षा कमी झाली होती. आणि समजा, नफा झाला. खासगी रुग्णालयांनीही लाखांची बिलं केली. म्हणून तिथल्या नर्सचा विमा काढू नका, असं आपण म्हणालो का?

खरी अडचण वेगळी आहे आणि केमिस्ट संघटना तिच्याबद्दल मोठ्याने बोलत नाहीत. ती म्हणजे भाड्याचं सर्टिफिकेट. १९४८च्या फार्मसी कायद्यानुसार औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. भिंतीवर फ्रेममध्ये त्याचं नाव असतं. काउंटरवर कितीतरी ठिकाणी मालकाचा भाचा किंवा बारावी झालेला हुशार मुलगा असतो. फार्मासिस्ट महिन्याला ठरलेली रक्कम घेऊन दुसरीकडे नोकरी करतो.

म्हणजे उद्या सरकारने 'सर्व औषध दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना विमा' असं जाहीर केलं, तरी यादी कोणाची करणार? कागदावरच्या माणसाला विमा मिळेल आणि खोकणाऱ्या ग्राहकाच्या समोर उभा असलेला उघडा राहील. घेणाऱ्यांची नोंद दुकानातून मागवणाऱ्या यंत्रणेकडे देणाऱ्यांची खरी नोंद आजही नाही.

माझ्या मते आधार द्यायची सुरुवात इथून व्हावी, आणि साथ नसताना व्हावी. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे प्रत्येक मेडिकलचा परवाना आहे. त्या परवान्याला काउंटरवर काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव जोडा : फार्मासिस्ट, मदतनीस, डिलिव्हरीचा मुलगा. वर्षातून एकदा ती यादी अद्ययावत करायला लावा. साथ जाहीर झाली की या यादीतल्या माणसांना विमा आणि लस आपोआप लागू होईल, हे आजच नियमात लिहा. अधिग्रहणाचा वाद नको, 'सूट की आदेश' नको.

यादीत खोटं नाव दिलं, तर नुकसान दुकानदाराचं. आज भाड्याचं सर्टिफिकेट लावणं सोपं आहे, कारण खरं नाव देऊन पदरात काही पडत नाही. निरीक्षक धाड टाकेल ही भीती असतेच, पण निरीक्षक किती आणि दुकानं किती. खऱ्या नावाला ५० लाखांचा विमा जोडला, तर काउंटरवरचा मुलगा स्वतःच मालकाला विचारेल, की शेठ, माझं नाव टाकलंत का?