तोरणमाळच्या हवेचे दप्तर

सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर वसलेल्या तोरणमाळची हवा स्वच्छ आहे, हे विधान प्रवासी पत्रकांपासून शाळकरी मुलांच्या निबंधांपर्यंत इतक्या निःशंकपणे केले जाते की, ते कोणी, केव्हा व कोणत्या साधनाने पडताळले, असे विचारणेही अप्रशस्त वाटावे. आम्ही तो प्रश्न विचारतो, आणि या डोंगराविषयीच्या ममत्वानेच विचारतो.

पर्जन्यमापकातले पाणी रोज सकाळी मोजून त्याचा आकडा सरकारदरबारी नोंदवला जातो. जमिनीची मोजणी झाली, जंगलाच्या हद्दी ठरल्या, आणि देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादे तालुक्यातील टेंभली गावीच दिला गेला. माणसांच्या या नव्या मोजदादीचा आरंभ ज्या नंदुरबार जिल्ह्यात झाला, तेथील डोंगरातला माणूस प्रत्येक श्वासाबरोबर काय आत घेतो, याची सलग नोंद मात्र नसावी, ही उणीव आम्हांस किरकोळ वाटत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातील १९ शहरे आहेत. खानदेशातून त्यांत जळगाव आहे, नंदुरबार नाही. परंतु ती यादी ज्यांची हवा मोजली गेली व सदोष आढळली अशा शहरांची आहे. जेथे यंत्रच पोहोचले नाही, त्या गावाला यादीबाहेर राहिल्याने निर्दोषत्वाचा दाखला मिळत नाही.

आषाढात एखाद्या पाड्यावरच्या कुडाच्या घरात क्षणभर बसावे. सरपण ओले, दार पावसामुळे ओढून घेतलेले, फुंकणीने जाळ धरवणारी माउली पदराने डोळे पुसते आहे, पाठीशी बांधलेले मूल खोकते आहे, आणि वरची कौले आतून डांबरासारखी काळी झाली आहेत. बाहेर धुके शुभ्र असते. आत धूर असतो. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून शेगडी दिली, हे उपकारकच. पण घाट उतरून पुन्हा भरलेली टाकी आणण्याचे सामर्थ्य ज्या घराला नाही, तेथे चूल विझलेली नाही. हिवाळ्यात थंड, जड हवा दरीत साचते आणि संध्याकाळचा धूर पाड्यावर पसरून राहतो. दिवसा तापलेला वारा उतारावरून वर चढतो, तेव्हा तापीकाठच्या उसाच्या पाचटाचा धूरही त्याच्याबरोबर वर येऊ शकतो. चैत्रात मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, त्याची भर निराळी. यांपैकी कशाचा वाटा किती, हे अनुमानाने ठरवू नये.

मोजण्याचे कामही येथे मैदानातल्याइतके सुलभ नाही. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक-अष्टमांशाने कमी असतो. म्हणून यंत्रातून किती हवा खेचली गेली याचा हिशेब स्थानिक दाबावरच जुळवून घ्यावा लागतो. प्रकाशाच्या विखुरण्यावरून धूलिकण मोजणारी स्वस्त उपकरणे धुक्याच्या थेंबांनाही धूळ समजतात; आत येणारी हवा कोरडी करण्याची तजवीज नसेल, तर श्रावणातले तोरणमाळ कागदोपत्री कारखान्यांच्या नगरासारखे दिसेल. त्यांच्या जोडीला जुन्या रीतीचे यंत्र असावे: पांढराशुभ्र गाळणकागद तोलून बसवावा, चोवीस तासांनी तो करडा होऊन निघाला की पुन्हा तोलावा. अतिसूक्ष्म कणांची आपल्या देशातली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ५ सुचवली. तोरणमाळ या दोहोंमध्ये कोठे बसते, ते त्या कागदावरून कळेल.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ पासून महाबळेश्वरी मेघांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा चालवली आहे. तेव्हा उंचावर शास्त्रीय उपकरणे सांभाळणे या राज्याला अपरिचित नाही. आमच्या जिल्ह्यालाही पूर्वतयारीचे महत्त्व कोणी शिकवायला नको. करोनाच्या २०२१ मधील भीषण लाटेत तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने आधीच उभ्या राहिलेल्या प्राणवायू प्रकल्पांनी येथील रुग्णांना आधार दिला, आणि राज्याने त्याची दखल घेतली.

प्रदूषण नियंत्रण मंडळाने व जिल्हा नियोजन समितीने मिळून एक कायमचे केंद्र यशवंत तलावाच्या परिसरात आणि दुसरे, फिरते, पाड्यावरच्या चुलीपाशी द्यावे. त्यांची देखभाल स्थानिक पावरा व भिल तरुणांना वेतन देऊन शिकवावी. आणि रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, लोकांच्या बोलीत, खडूने लिहावा. पहिला गाळणकागद महाशिवरात्रीच्या यात्रेपूर्वी, गोरखनाथांच्या दर्शनाला निघालेल्या गाड्यांची रांग घाट चढू लागण्याआधी, यंत्रात बसलेला असावा.