लेकराच्या ओठावर ताप फुटतो तेव्हा

भगिनींनो, ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला बारीक फोडांचा घोस उठतो. कुणी त्याला ‘जर उठला’ म्हणतं, कुणी ‘ताप फुटला’ म्हणतं. अंगातली गरमी बाहेर पडली, आता दुखणं सरलं, असं समजून मोठी माणसं तिकडे लक्ष देत नाहीत. मोठ्यांपुरतं ते चालून जातं, कारण आठ-दहा दिवसांत खपली धरून ते आपोआप बरं होतं. पण तेच फोड आलेली आजी किंवा मावशी दीड वर्षाच्या लेकराचा मुका घेते, त्याला आपल्या तोंडातला घास भरवते, तेव्हा गोष्ट वेगळी होते.

ही गरमी नव्हे, हा विषाणू आहे. त्याचं नाव हर्पीस सिम्प्लेक्स. आता या नावानेच काही घरांत घोळ होतो. याच घराण्यातल्या विषाणूमुळे एक गुप्तरोगही होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हर्पीस वाचून घरातलं कुणी शिकलेलं माणूस मोबाइलवर शोधतं आणि कुजबूज सुरू होते. बोट दाखवलं जातं ते लेकराच्या आईकडे! बायांनो, ओठावरचा हा पहिल्या प्रकारचा विषाणू बहुतेकांना लहानपणीच, घरातल्या मायेच्या माणसाच्या लाळेतून मिळतो. जगातल्या ५० वर्षांखालच्या दर तिघांपैकी सुमारे दोघांच्या अंगात तो आहे. त्यात सासूही आली आणि दीरही आला. तेव्हा आईने मान खाली घालण्याचं काहीच कारण नाही.

अनेक लेकरांना पहिली लागण कळतही नाही. काहींना मात्र ती चांगलीच कळते, बहुधा सहा महिने ते पाच वर्षे या वयात. आधी सडकून ताप येतो. लेकरू चिडचिड करतं, लाळ गळते. दोन-तीन दिवसांत हिरड्या लाल होऊन सुजतात, हात लागला तरी रक्त येतं, आणि जीभ, गाल, ओठ फोडांनी भरून जातात. घरचे म्हणतात, उष्णतेने तोंड आलं. दुकानातून बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या येतात. त्यांनी हे बरं होत नाही. बरं व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात.

खरा धोका त्या फोडांचा नाही, तहानेचा आहे. तोंड इतकं झोंबतं की लेकरू पाण्याचा पेला पाहूनच रडतं. आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत आई पहाटेच वावरात जाते, लेकरू आजीपाशी किंवा आठ-दहा वर्षांच्या बहिणीपाशी राहतं. ‘खात नाही, झोपलं आहे,’ एवढंच संध्याकाळी कळतं. ते झोपलेलं नसतं, गळालेलं असतं. म्हणून जाताना सांगून जा: दर पाच-दहा मिनिटांनी दोन चमचे. थंड पाणी, थंड दूध किंवा जलसंजीवनी. जलसंजीवनीची पुडी आशाताईंकडे मिळते, मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण कालवायची. तापाचं आणि दुखण्याचं पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजन पाहून सांगितलं असेल तेवढंच, भरवण्याआधी अर्धा तास द्या, म्हणजे घोट गिळवतो. ॲस्पिरिन लेकरांना देऊ नका. मऊ भात, केळं चालेल. लिंबू, आंबट ताक, तिखट वरण नको. सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेले, लेकरू सुस्त पडलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा.

घरगुती उपायांत काही नुसते वाया जातात, काही घातक आहेत. फोडांना चुना किंवा टूथपेस्ट लावली तर कातडी पोळते. टाकणखाराची लाही मधात कालवून तोंडाला लावण्याची जुनी रीत आहे. टाकणखार पोटात जाणं लेकराला विषारी, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही देऊ नये. ‘पाल चाटली’ म्हणून अंगारा लावणाऱ्याकडे नेण्यात तर दोन मोलाचे दिवस जातात.

ते दिवस मोलाचे का? कारण यावर औषध आहे. ॲसायक्लोविर हे ते औषध. ते ज्यांच्या संशोधक-गटाने शोधलं, त्या गर्ट्रूड एलियन या बाईंना १९८८ साली इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालं. लेकराचं तोंड भरून आलं असेल तर पहिल्या तीन दिवसांत तोंडावाटे हे औषध सुरू केल्यास दुखणं लवकर आटोपतं. ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. नंतर पुन्हा कधी ओठावर एखादा घोस उठला तर बहुधा औषधाची गरजही नसते.

आणखी एक. घरात बेटनोव्हेटची ट्यूब असते, खरूज असो की फोड, तीच चोपडली जाते. हे स्टिरॉइडचं मलम आहे, या फोडांना लावू नका. फोडाला लागलेला हात लेकरू डोळ्याला चोळतं. डोळा लाल झाला, उजेड सोसवेना, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. यात बुबुळावर जखम होऊन नजर जाऊ शकते.

विषाणू मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर दडून बसतो. ताप, थकवा, कडक ऊन यांनी पुन्हा उठतो. मे महिन्यात लेकराच्या डोक्याला दुपट्टा बांधा. पुन्हा उठलेल्या एका फोडासाठी अंगणवाडी बुडवायची गरज नाही, मात्र पहिल्या लागणीत लाळ गळत असेल तर घरी ठेवा. पेला, चमचा, टॉवेल वेगळा ठेवा.

आता बाळंतिणीच्या खोलीविषयी. महिन्याच्या आतल्या बाळाला हा विषाणू मेंदूपर्यंत पोचून जिवावर बेततो. बाळ बघायला येणारी बाई कितीही जवळची असो, ओठावर फोड असेल तर मुका घेऊ द्यायचा नाही. स्पष्ट सांगा, राग आला तर येऊ द्या. एवढं बाळ दूध ओढेना, सुस्त झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, तर थेट जिल्हा रुग्णालय गाठा. तिथे शिरेतून औषध द्यावं लागतं. फोड आईच्याच ओठावर असेल तर तोंडाला स्वच्छ फडकं बांधून, हात साबणाने धुऊन अंगावर पाजायला हरकत नाही. फोड स्तनावर असेल तर त्या बाजूने पाजू नका, दुसऱ्या बाजूने पाजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.