थकला, की समोरची जोड अवघड होती?

मुष्टियुद्धाची आवड असलेली चार माणसे एकत्र जमली, की एक वाद हमखास निघतो. एखादा नावाजलेला जुना खेळाडू दोन-तीन लढती कशाबशा जिंकतो, नाहीतर एखादी हरतो. लगेच एक जण म्हणतो, "संपला तो आता." दुसरा म्हणतो, "संपला कसला? समोरची जोडच अवघड होती." वाद रात्र संपेपर्यंत चालतो आणि दोघेही आपापले मत तसेच घेऊन घरी जातात.

या दोघांत खरे कोणाचे? हे पाहायचे तर महंमद अलीच्या शेवटच्या सहा-सात वर्षांसारखे दुसरे उदाहरण सापडणार नाही. अमेरिकेतील लुईव्हिल गावच्या या काळ्या मुलाने 1960 साली रोमला ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले, 1964 साली तो हेवीवेट विश्वविजेता झाला आणि गुलामगिरीच्या काळातून चालत आलेले नाव त्याने टाकून दिले. 1967 साली व्हिएतनामच्या युद्धात जायला त्याने नकार दिला, तेव्हा त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले. साडेतीन वर्षे त्याला रिंगमध्ये पाऊल ठेवू दिले नाही. पंचवीस ते अठ्ठावीस ही ऐन उमेदीची वर्षे अशी गेली. 1970 साली तो परतला तेव्हा पूर्वीचे वाऱ्यासारखे पाय त्याच्याजवळ उरले नव्हते. पूर्वी तो ठोसा चुकवत असे, आता ठोसा सोसू लागला. पुढे जे घडले त्याचे मूळ इथे आहे.

आता "जोड अवघड होती" असे म्हणणाऱ्याची बाजू आधी पाहू, कारण ती अगदीच पोकळ नाही. कुस्ती पाहणाऱ्यांना हे ठाऊक असते, की अमका पैलवान तमक्याला हरवतो आणि तमका तिसऱ्याला, म्हणून पहिला तिसऱ्याला हरवेलच असे नाही. मुष्टियुद्धातही तसेच आहे. जो फ्रेझरने 1971 साली अलीला हरवले. केन नॉर्टनने 1973 साली हरवले, शिवाय त्याचा जबडा मोडला. या फ्रेझरला आणि या नॉर्टनला जॉर्ज फोरमनने प्रत्येकी दोन फेऱ्यांत लोळवले. मग फोरमनपुढे अलीचे काय होणार, अशी काळजी त्याच्या माणसांनाही वाटत होती. पण 30 ऑक्टोबर 1974 रोजी किन्शासामध्ये अलीने आठव्या फेरीत फोरमनलाच खाली पाडले. म्हणजे पद्धतीला पद्धत भिडते, ही गोष्ट खरी आहे. नॉर्टनचा तर हात दुमडून बचाव करण्याचा ढंगच असा विचित्र होता, की अलीचा प्रसिद्ध डावा जॅब त्याच्यावर नीट बसतच नसे. त्याचे गुरू एडी फच यांनी अलीच्या खेळातली फट बरोबर हेरली होती.

परंतु याच नॉर्टनकडे जरा वेगळ्या रीतीने पाहा. तो अलीशी तीन वेळा लढला. मार्च 1973 मध्ये अली हरला. त्याच वर्षी सप्टेंबरात तो अधिक तयारीने उतरला आणि थोडक्यात जिंकला. तिसरी लढत 28 सप्टेंबर 1976 रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये झाली. पंचांनी अलीला विजयी ठरवले, पण तिथे बसलेल्या कितीतरी पत्रकारांच्या मते लढत नॉर्टनने जिंकली होती. नॉर्टन पूर्वीइतकाच अवघड होता. बदलला होता तो अली. जोड तीच ठेवून मधला काळ मोजला, की कोण किती उतरला ते कळते. ही पहिली कसोटी.

दुसरी कसोटी अशी, की कोण जिंकला हे पाहू नये, जिंकताना किती सोसले हे पाहावे. फोरमनविरुद्ध अली दोरांना टेकून उभा राहिला आणि त्याला मारून मारून थकू दिले. ती युक्ती होती आणि जगाने तिचे कौतुक केले. पण पुढच्या लढतींत अली पुन्हा पुन्हा दोरांना टेकू लागला, तेव्हाही लोक ती युक्तीच समजत राहिले. पाय साथ देत नाहीत म्हणून माणूस टेकला आहे, हे कोणाच्या लक्षात येईना. 1975 साली मनिला येथे फ्रेझरशी चौदा फेऱ्या झाल्या आणि दोघेही अर्धमेले झाले. एप्रिल 1976 मध्ये जिमी यंगसमोर अली 230 पौंड वजन घेऊन उतरला. फोरमनविरुद्ध हेच वजन सुमारे 216 होते. यंग काही जबर ठोसेवाला नव्हता, तरी अलीला तो सापडेना. पंचांचा निकाल अलीच्या बाजूने गेला आणि प्रेक्षकांनी नाराजी दाखवली. 29 सप्टेंबर 1977 रोजी अर्नी शेव्हर्सशी तो पंधरा फेऱ्या लढला. शेव्हर्सचा उजवा हात म्हणजे हातोडाच. तीही लढत अलीने जिंकली.

अशा रीतीने या काळात अली जिंकतच होता! 1977 च्या अखेरीस त्याच्या नावावर 57 लढतींत 55 विजय होते. आकडे पाहणाऱ्याने म्हणावे, घसरण कुठे आहे? पण त्याचे डॉक्टर फर्डी पचेको आकडे पाहत नव्हते. शेव्हर्सच्या लढतीनंतर प्रयोगशाळेचा अहवाल त्यांच्या हाती आला. त्यात अलीची मूत्रपिंडे बिघडत चालल्याचे दिसत होते. त्यांनी तो अहवाल अलीला, त्याच्या पत्नीला आणि व्यवस्थापकाला पाठवला. कोणाचेही उत्तर आले नाही. डॉक्टरांनी अलीची साथ सोडली.

हारजीत बोलू लागली ती त्यानंतर. फेब्रुवारी 1978 मध्ये लिऑन स्पिंक्सने अलीला हरवले. स्पिंक्स ऑलिंपिक विजेता खरा, पण व्यावसायिक म्हणून त्याची ती अवघी आठवी लढत होती. त्याला कोणी अवघड जोड म्हणत नव्हते. सात महिन्यांनी अलीने त्याला हरवून तिसऱ्यांदा विश्वविजेतेपद मिळवले आणि चाहत्यांनी जल्लोष केला, "पाहा, कुठे संपलाय?" खरे तर नवख्या पोराला धरून, अडवून, अनुभवाच्या बळावर मिळवलेला तो विजय होता. 1979 साली अलीने निवृत्ती जाहीर केली. तिथेच थांबला असता तर!

पण 80 लाख डॉलरचा करार समोर आला आणि 2 ऑक्टोबर 1980 रोजी अडतीस वर्षांचा अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला. होम्स एकेकाळी त्याच्याच सरावाचा जोडीदार होता. त्याआधी मेयो क्लिनिकमध्ये अलीची तपासणी झाली होती. डोळे मिटून नाकाला बोट लावताना त्याचा नेम किंचित चुकत होता, एका पायावर उडी मारताना अपेक्षित चपळाई नव्हती. तरीही परवाना मिळाला. वजन उतरले होते, चेहरा तरुण दिसत होता. लोक फसले. ते वजन सरावापेक्षा थायरॉइडच्या औषधानेच अधिक उतरले होते आणि अंगातली ताकदही त्याबरोबर गेली होती. दहा फेऱ्यांपैकी एकही पंचांनी अलीला दिली नाही. दहाव्या फेरीनंतर गुरू अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. जिंकलेला होम्स नंतर रडला. तरीही डिसेंबर 1981 मध्ये बहामा बेटांवर अली आणखी एकदा, ट्रेव्हर बर्बिकशी, लढला आणि हरला. उभ्या कारकिर्दीत 61 लढतींमध्ये पाच पराभव, त्यांतले तीन शेवटच्या चार लढतींत. निकालाच्या कागदावर घसरण उमटली, तेव्हा ती किमान पाच वर्षे जुनी झाली होती.

1984 साली अलीला पार्किन्सनच्या लक्षणांचे निदान झाले. 2016 साली तो गेला. या आजाराला ठोसेच कारण होते का, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. पण 2017 साली अमेरिकेतील संशोधकांनी त्याच्या जुन्या मुलाखती तपासल्या, तेव्हा 1968 ते 1981 या काळात त्याच्या बोलण्याचा वेग सुमारे चतुर्थांशाने मंदावल्याचे आढळले. ज्याच्या जिभेचा धाक प्रतिस्पर्ध्याला हातांइतकाच होता, त्याची जीभ सर्वांच्या डोळ्यांदेखत जड होत गेली. कॅमेरे होते, मुलाखती होत्या, ऐकणारे लाखो होते. ही तिसरी कसोटी, आणि तिच्यासाठी रिंगजवळ बसावे लागत नाही.

तेव्हा वाद घालणाऱ्या दोघांना सांगावेसे वाटते, की तुम्ही दोघेही बरोबर असू शकता. नॉर्टन अवघड होता आणि अली उतरणीलाही लागला होता. मात्र "जोड अवघड होती" हे वाक्य कोण बोलतो आहे, तेवढे बघा. पुढच्या लढतीवर ज्याचे पोट आहे तो हेच बोलणार. जो प्रेमापोटी बोलतो, त्याचे चुकणे अधिक घातक, कारण खेळाडू त्याचे ऐकतो.

आपल्या वस्त्यांतूनही मुले-मुली बॉक्सिंगचे हातमोजे चढवत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. आईवडिलांना एवढीच विनंती, की मूल स्पर्धेहून परतले म्हणजे पदकाबरोबर त्याचे बोलणेही ऐका. डोके दुखते का, झोप लागते का, शब्द अडखळतो का, सांगितलेले विसरते का, हे विचारा. काही वेगळे वाटले तर त्याला डॉक्टरकडे न्या आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत सरावाला पाठवू नका. मुलगा रागावेल. जिंकलेल्या माणसाला थांब म्हणणे कठीणच असते. पण अलीला ते वेळेवर, ऐकेपर्यंत सांगणारे घरचे माणूस हवे होते.