सुतारकामाची धूळ घरात नको

घराच्या पडवीत किंवा मागच्या खोलीत सुतारकाम करणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. पूर्वी रंधा हाताने चाले. त्याची सालपटे पायाशी पडत आणि चुलीत जात. आता विजेची करवत आणि सँडर आले. काम चटकन होते, पण सालपटांऐवजी पिठासारखी धूळ निघते.

पायाशी पडलेला भुसा दिसतो, म्हणून तो आपण झाडतो. खरा धोका न दिसणाऱ्या धुळीचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण तासन्‌तास हवेत तरंगतात आणि नाकाची गाळणी ओलांडून आत जातात. सुरुवात शिंका, चोंदलेले नाक व कोरड्या खोकल्याने होते. सुटीत बरे वाटते आणि कामाला बसताच छाती घरघरते, असे होत असेल तर धुळीमुळे होणाऱ्या दम्याची शंका घ्यावी व डॉक्टरांना आपला धंदा जरूर सांगावा. इंग्लंडमधील हाय वायकम भागातील फर्निचर कामगारांत नाकाचा कर्करोग जास्त आढळल्याचे १९६० च्या दशकातच लक्षात आले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली.

‘तोंडाला रुमाल बांधतो की!’ असे उत्तर मिळते. रुमालातून बारीक धूळ आरपार जाते. घट्ट बसणारा एन-९५ मास्क जरूर वापरावा, पण तो फक्त सुताराला वाचवतो. शेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलाला नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, धूळ जिथे निघते तिथेच ओढून घेतली पाहिजे.

यंत्राच्या धूळ निघण्याच्या तोंडाला नळी जोडून ती व्हॅक्युम क्लीनरला जोडावी. मध्ये घट्ट झाकणाचे पिंप ठेवले की जाड भुसा तिथेच पडतो व फिल्टर लवकर तुंबत नाही. फिल्टर मात्र बारीक धूळ अडवणारा, म्हणजे हेपा असावा. नाहीतर मागच्या बाजूने तीच धूळ पुन्हा खोलीत येते. एक्झॉस्ट पंखा जोडीला हवा, पण तेवढ्यावर भागत नाही. छताचा पंखा बंद ठेवावा. काम झाल्यावर कोरडा झाडू किंवा हवेचा फवारा न मारता ओल्या फडक्याने पुसावे. कपडे बदलूनच घरात जावे.

एवढा खर्च परवडत नसेल, तर घासायचे काम तरी अंगणात, वारा बाजूने येईल असे उभे राहून करावे. मास्क तिथेही हवाच. पण पुढचे यंत्र घेण्याआधी धुळीची सोय करावी, असा माझा आग्रह आहे. तयार झालेले कपाट गिऱ्हाइकाच्या घरी जाते, धूळ मात्र आपल्याच घरी राहते.